गेटवरची अक्षरं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "नवी पाटी : पंधरा मिनिटं" असं छापलंय. आपल्या ग्रुपवर दोन महिने जे महाभारत चाललं आहे ते बॅचला तोंडपाठ आहे, पण सर-बाईंना कल्पना नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगते.

आपल्या बॅचने वर्गणी काढली. तीतून गेटवर नवी पाटी लावायची असं ठरलं. जुनी, पत्र्यावर पेंटरने रंगवलेली पाटी गंजली म्हणून उतरवली, तिच्या जागी तात्पुरता म्हणून फ्लेक्स लागला, आणि आपल्याकडचं तात्पुरतं जसं असतं तसा तो अजून तिथेच आहे. आज आत येताना किती जणांनी तो वाचला? त्यावर "माद्यमिक विद्यालय" असं लिहिलंय. ध्यानातला ध्य असायला हवा, तिथे विद्येतला द्य आहे. मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मी पुढे काही बोलत नाही.

आता ग्रुपवर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, दुकानात जाऊन शुद्ध मराठीत अॅक्रिलिकची पाटी करून आणा, दोन दिवसांचं काम, उरलेल्या पैशांत प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक घ्या. दुसरा पक्ष म्हणतो, शाळेचं नाव एखाद्या अक्षरकाराकडून हाताने काढून घ्या. मी दुसऱ्या पक्षात आहे. सूक्ष्मदर्शकाचं म्हणणं मला क्षुल्लक वाटत नाही, त्याबद्दल शेवटी बोलेन. पण "कम्प्युटरवाली असून तूच फाँटच्या विरोधात?" असं जे मला विचारलं गेलं, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं.

मी फाँटच्या विरोधात नाही. फाँटवर माझं पोट आहे. वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे आणि त्यातली बरीच मराठी पडद्यावर नीट दिसावी यात गेली आहेत. विंडोजमध्ये 'मंगल' नावाचा फाँट असतो. तुमच्यापैकी सरकारी नोकरीत असलेल्यांनी त्यात आयुष्यभर टिपणं लिहिली आहेत. तो र. कृ. जोशी यांनी केला. ते मूळचे जाहिरातक्षेत्रातले सुलेखनकार, 'उल्का' या जाहिरातसंस्थेत होते, नंतर पवईच्या आयआयटीत आयडीसीमध्ये शिकवलं, कवीही होते. २००८ साली ते गेले. हाताने अक्षर काढणाऱ्या माणसानेच आपल्याला कम्प्युटरवरची मराठी दिली, हे आमच्या क्षेत्रातसुद्धा फार लोकांना ठाऊक नसतं.

पण मंगल केला तो पडद्यावर, छोट्या आकारात वाचण्यासाठी. मेनू, खिडक्या, फॉर्म यांच्यासाठी. तोच फाँट ताणून तीन फुटी पाटीवर चढवला की बाळाचं झबलं मोठ्या माणसाला घातल्यासारखं दिसतं. यात दोष जोशींचा नाही, झबल्याचाही नाही.

फाँट आणि हाताने काढलेलं नाव यांतला फरक मी माझ्या भाषेत सांगते. फाँटमधलं प्रत्येक अक्षर कुठल्याही शेजाऱ्याजवळ बसू शकलं पाहिजे. 'क'च्या बाजूला उद्या 'ळ' येईल की 'ष्ट्य' येईल, हे ते करणाऱ्याला माहीत नसतं. देवनागरी फाँटला जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकृत्या काढाव्या लागतात आणि त्या सगळ्यांनी एकमेकांशी सांभाळून घ्यायचं असतं. हे प्रचंड काम आहे आणि आपल्याकडे ते उत्तम करणारे लोक आहेत. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, रोज लाखो ओळी त्यांत वाचल्या जातात. अक्षरकाराचं काम याच्या बरोबर उलट. त्याच्यासमोर एकच नाव असतं. त्या नावातला 'क' फक्त त्याच दोन शेजाऱ्यांमध्ये, त्याच ठिकाणी बसणार असतो, म्हणून तो तेवढ्यापुरता काढायचा. आमच्याकडे याला हार्डकोड करणं म्हणतात आणि नव्या पोरांनी ते केलं की आम्ही ओरडतो. इथे मात्र सगळी कला त्यातच आहे.

आपलंच नाव घ्या. "माध्यमिक विद्यालय" एवढ्या भागात आठ अक्षरं. आता उभे दंड मोजा. मा मध्ये मचा एक आणि कान्याचा एक, ध्य मध्ये एक, मि मध्ये वेलांटीचा आणि मचा मिळून दोन, क चा एक. झाले सहा. विद्यालयात पुन्हा तसेच सहा, पण 'ल' हिंदी वळणाचा, उजवीकडे दंड असलेला घेतला तर. एकूण बारा. बारा उभ्या काठ्या ठरावीक अंतराने ठोकल्या की कुंपण होतं, आणि बहुतेक शाळांच्या पाट्या लांबून कुंपणासारख्याच दिसतात. आपला मराठी 'ल', पाकळ्यांचा, घेतला की एक काठी कमी होते आणि शेवटच्या "लय"ला मोकळा श्वास मिळतो. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे मानले आहेत. तरी दुकानातल्या कम्प्युटरमध्ये हिंदी वळण आधी येतं आणि तेच छापलं जातं, कारण बदलून मागायला कुणाला सुचत नाही.

मग ध्य आणि द्य. दोन्ही एकाच नावात, चार अक्षरांच्या अंतरावर. लांबून वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसू शकतात. अक्षरकार काय करतो, तर 'ध'च्या डोक्यावरची गाठ जरा मोकळी सोडतो, तिथे शिरोरेषा तोडतो, आणि द्य मध्ये द ची शेपटी य मध्ये शिरते ती ठळक करतो. या नावापुरते ते दोघे एकमेकांपासून लांब नेतो. फाँटला हे करता येत नाही, कारण हे दोघे आज एकाच पाटीवर राहायला आलेत हे त्याला कळत नाही.

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं असं नाही. यातलं थोडं आपल्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलं होतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असायचा, आठवतो? आपण सगळे भूमितीत मार्क मिळवायचे आणि अक्षरलेखनाला शेवटची वीस मिनिटं ठेवायची. सर म्हणायचे, दोन अक्षरांमधली जागा पट्टीने मोजू नका, डोळे बारीक करून बघा. त्या वयात तो विनोद वाटायचा. बाकीचं शिकले ते पुढे, कामावर.

आमच्या कंपनीने शेतकऱ्यांसाठी एक अॅप केलं. त्याचं मराठी नाव एका अक्षरकाराकडून करून घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी इंजिनिअरच्या शिस्तीने चार पानी कागद पाठवला. आमची मूल्यं, आमचे रंग, आमचे स्पर्धक. त्यांनी फोन करून तीनच प्रश्न विचारले. हे नाव सगळ्यात लहान कुठे दिसणार? सगळ्यात मोठं कुठे? आणि वाचणारा उभा असेल की गाडीवर? चार पानांत यातलं एकही उत्तर नव्हतं. मग पंधरा दिवसांनी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढलेले तीन रफ आले. आमच्या वरिष्ठांनी पहिल्या रफचं डोकं आणि तिसऱ्याचे पाय असं मागितलं. ते शांतपणे म्हणाले, "करून देतो, मग बघा." करून दिलं. सगळ्यांनी बघितलं आणि कुणी काही न बोलता दुसरा रफ मंजूर झाला. नंतर तो कम्प्युटरवर वक्ररेषांत बांधला. तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. एका वेलांटीसाठी कमीत कमी बिंदू वापरायचे, जास्त बिंदू ठेवले की रेषा थरथरते. अनावश्यक ओळी काढून टाकत राहणारा प्रोग्रॅमर मी अनेकदा पाहिलाय, अनावश्यक बिंदू काढून टाकणारा चित्रकार पहिल्यांदा पाहिला.

या धंद्याचा मोठा माणूस म्हणजे कमल शेडगे. नाव ऐकलं नसेल तरी त्यांची अक्षरं तुम्ही नक्की वाचली आहेत. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांनी नोकरी केली, त्यांचे वडीलही अक्षरांच्याच कामात होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींमध्ये नाटकाचं नाव त्यांनी ज्या पद्धतीने काढलं, ती पुढे नाटकाची ओळखच झाली. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' अशी कितीतरी. माझी आई रविवारचा पेपर उघडला की आधी नाटकांचं पान बघायची. नाटक बघायला मुंबईला जाणं शक्य नव्हतं, तरी बघायची.

यात मला इंजिनिअर म्हणून काय आवडतं सांगू? ती अक्षरं फार कडक अटींत काढलेली आहेत. वर्तमानपत्रातली जागा कॉलम-सेंटिमीटरवर विकली जाते, म्हणजे निर्मात्याला प्रत्येक सेंटिमीटर खिशातून भरायचा. शेजारी आणखी दहा नाटकं दाटीवाटीने बसलेली. कागद हलका, शाई पसरणारी, त्यामुळे बारीक रेषा मरते आणि आतली पोकळी भरून येते. शिवाय नाटक शोकांत आहे की फार्स, ऐतिहासिक की घरगुती, हे वाचणाऱ्याला नाव वाचता वाचताच कळलं पाहिजे, कारण चित्राला जागाच नाही. एवढं सगळं पाच-सहा अक्षरांनी करायचं, आणि ते वेळेत द्यायचं. कुणी स्फुरण येईपर्यंत थांबत नाही, शनिवार-रविवारचे प्रयोग थांबत नाहीत. शेडग्यांनी आपलं काम 'माझी अक्षरगाथा', 'चित्राक्षरं', 'कमलाक्षरं' अशा पुस्तकांतून मांडून ठेवलंय. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या त्या विचित्र दिवसांत, ते गेले. 'माझी अक्षरगाथा' शाळेच्या ग्रंथालयाला द्यावं अशी माझी वेगळी सूचना आहे, त्याला वर्गणी लागणार नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "आता एआय आहे, एक ओळ टाक, शंभर पाट्या देईल." टाकली. ज्या आल्या त्यांतल्या बऱ्याच लांबून फार छान दिसत होत्या आणि जवळ गेल्यावर त्यात अक्षरंच नव्हती. शिरोरेषेला लटकलेली कसली तरी वळणं होती. हे सुधारेल. पुढच्या वर्षी ध्य बरोबर येईलही, मी त्यावर पैज लावणार नाही, कारण ते सुधारणारे लोक माझ्याच धंद्यातले आहेत. पण शंभर पाट्यांतून एक निवडणार कोण? ज्याने गेटसमोरच्या रस्त्यावर उभं राहून पाहिलेलं नाही तो कशावरून निवडणार? आपल्याला शंभर नको आहेत. एक हवी आहे, आणि ती का, हे सांगू शकणारा माणूस हवा आहे.

आता पैशांचं बोलू, कारण भांडण खरं तिथे आहे.

महाराष्ट्रात २०२२ साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांची सूट गेली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत असं आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या काळात किती पाट्या बदलल्या ते आपण पाहिलं. अक्षर काढणाऱ्यांना केवढं काम मिळायला हवं होतं! आपल्या स्टँडसमोरच्या रांगेत बघा, सगळ्या पाट्या दोन-तीन फाँटमध्ये आहेत, कारण फाँट आयता आहे आणि अक्षर काढणाऱ्याला पैसे द्यायचे असतात ही कल्पनाच आपल्याकडे नाही. "चार अक्षरं तर आहेत" असं म्हणतात. वकिलाला आपण नोटिशीतल्या शब्दांवर पैसे देत नाही आणि डॉक्टरला चिठ्ठीच्या लांबीवर देत नाही.

दुसरं म्हणजे "आधी दोन-तीन नमुने पाठवा, आवडले तर पैसे देऊ." ग्रुपवर हेही सुचवलं गेलं. नमुने हेच काम आहे. विचार तिथे होतो, नंतरचं सफाईचं. म्हणून आम्ही चौघांनी मिळून पहिल्या टप्प्याचे पैसे आधीच दिले आहेत. ते आमच्या खिशातले आहेत, वर्गणीला हात लावलेला नाही. आजची सभा नको म्हणाली तर तिथेच थांबू आणि कुणाचं देणं राहणार नाही.

तिसरी गोष्ट कागदाची. खजिनदारांनी इकडे लक्ष द्या. पैसे दिले म्हणजे अक्षरांचे हक्क आपोआप शाळेचे झाले असं समजू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीने द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे नीट लिहिलं नाही तर पाच वर्षांनी आपलं लेटरहेड कुणाच्या मालकीचं हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा करारात पाटी, लेटरहेड, प्रमाणपत्रं, वेबसाइट, सगळं नाव घेऊन लिहायचं, आणि पाटीच्या कोपऱ्यात अक्षरकाराची छोटी सही राहील हेही लिहायचं. जुन्या पाटीच्या कोपऱ्यात पेंटरची सही होती. मी दहा वर्षं त्या गेटातून ये-जा केली आणि ते नाव मला आज आठवत नाही. पाटी गंजून भंगारात गेली, तिचा एक सरळ फोटोही कुणाकडे नाही. सगळ्यांकडे आहेत ते सहलीचे फोटो, ज्यांत आपण पाटीसमोर उभे राहून अर्धी अक्षरं झाकली आहेत.

आता सूक्ष्मदर्शक. माझं म्हणणं असं की सूक्ष्मदर्शक घ्यायलाच हवेत. हिशेब मांडला तर दोन्ही होतं, मात्र जेवणाचा मेनू एका गोडाने कमी करावा लागेल. ते हॉलमध्ये पसंत पडणार नाही हे मला इथून दिसतंय. पण मला जे टोचतं ते वेगळं आहे. चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा भरलेली नाही. ग्रेड परीक्षेला बसणारी मुलं बाहेर क्लासला जातात, ज्यांना परवडतं ती. म्हणजे आज शाळेत अशी एकही जागा नाही जिथे मुलाला कुणी सांगेल की 'ध' असा का आणि 'द' असा का. म्हणून मी अक्षरकारांना एक विनंती केली आणि त्यांनी ती मानली. पाटी बसवण्याआधी ते एक दिवस शाळेत येतील आणि आठवी-नववीच्या मुलांसमोर नाव पूर्ण मापात कागदावर काढतील. मुलांना बोरू नि शाई देतील. त्या दिवसाचं मानधन अंदाजपत्रकात वेगळं दाखवलंय. कुणाला ते काढायचं असेल तर आज हात वर करा, नंतर ग्रुपवर नको.

मापाचं सांगते आणि थांबते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेपासून गेट साधारण साठ फूट आहे, शनिवारी आम्ही टेप लावून मोजलं. पाट्या करणाऱ्यांचा ठोकताळा असा की दहा फुटांना एक इंच अक्षर, म्हणजे सहा इंच. पण हा ठोकताळा इंग्रजी अक्षरांवरून आलेला. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांट्यांना जागा लागते, आणि खाली गावाच्या नावात उकार आहे. म्हणून नुसतं अक्षर सहा इंच धरलं तरी ओळीला जवळजवळ एक फूट उंची हवी. कमानीत सध्या जी पट्टी सोडली आहे ती दहा इंचांची आहे. म्हणजे एकतर कमान वाढवायची किंवा नाव दोन ओळींत घ्यायचं. गवंड्याशी कोण बोलणार ते आज ठरलं तर बरं.

तिन्ही रफ मागच्या भिंतीवर पूर्ण मापात लावले आहेत, खाली वही ठेवली आहे. सर, बाई, तुम्ही आधी बघा. जवळ जाऊ नका, स्टेजच्या पायरीवरून बघा, तेवढंच अंतर आहे. वहीत "छान" किंवा "सुंदर" असं कृपया कुणी लिहू नका. वाचताना कोणत्या अक्षरापाशी अडखळलात तेवढं लिहा. ते मी सोमवारी त्यांना कळवणार आहे.